धडधाकट बहीण

पिशोर, ता. कन्नड
२० डिसेंबर १९९३

चि. कस्तुरा हिस, मालन आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना तुझी एक धडधाकट बहीण हवी आहे म्हणे. एकाच आईची, म्हणजे तुझ्या अंगाशी तिचं अंग ताडून पाहता येईल. वाचून हसू आलं. एवढी वर्षं मी कुणाला आठवले नाही, आता सुया टोचायला आठवले. आणि मी धडधाकट आहे हे त्या बाईंना कुणी सांगितलं? तूच सांगितलं असणार.

माझा दिवस ऐक. तांबडं फुटायच्या आधी झाडलोट, मग घरच्यांच्या आणि मेंढरांमागं जाणाऱ्यांच्या भाकरी. तुझे दाजी मेंढरं घेऊन निघाले की मी कपाशी वेचायला जाते, आले की पुन्हा चूल. सासूबाई ओट्यावर बसून सांगतात की त्यांच्या वेळी याच्या दुप्पट होतं. संध्याकाळी माझे पाय असे दुखतात की दोन्ही हातांनी उचलून अंथरुणावर ठेवावे लागतात. पण मला कुणी दवाखान्यात नेत नाही, कारण मी सकाळी उठते. तू उठत नाहीस म्हणून तू आजारी.

बाबांनी आपल्याला एकाच मांडवात सख्ख्या भावांना दिलं. मी थोरली म्हणून मला थोरला आणि त्याची मेंढरं आली. तुझ्या वाट्याला शिकलेला आला, कंपनीतला, मुकुंदवाडीच्या दोन खोल्या, गॅस, दारात नळ. यात तुझा दोष नाही हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

गेल्या महिन्यात दाजी तुमच्याकडं येऊन गेले. इथं येऊन सांगतात, "त्रिंबकनं च्या करून तिला हातरुणात दिला. बिचारीला लई थकवा हाय." मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. पंधरा वर्षांत यांनी मला पाण्याचा तांब्या भरून दिलेला नाही.

तुला गोवर आला होता ते आठवतं? आईनं दुधाची सगळी साय तुझ्या वाटीत घातली. मला पण आजारी पडायचं होतं, म्हणून मी मुद्दाम तुझ्या अंथरुणात येऊन झोपले, तुझ्या गालाला गाल लावून. तीन दिवस झोपले. मला गोवर आलाच नाही, उलट आईनं झोडपलं. माझं अंग तेव्हापासून असंच आहे, काही धरत नाही.

येते मी. संक्रांतीचा बाजारही करायचा आहे.

तुझी,
मालन आक्का

*

मुकुंदवाडी, औरंगाबाद
२ जानेवारी १९९४

ती. सौ. आक्कास, कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू येतेस म्हणालीस, खूप बरं वाटलं. बाकीचं पत्र वाचून वाईट वाटलं, पण राग आला नाही. रागवायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

तुला वाटतं मी सुखात लोळते, तर सांगते. गेल्या श्रावणात ताप आला, तो आठ दिवसांनी उतरला. ताप गेला आणि मी परत आलेच नाही. गळा अजून बसतो, मानेजवळ सुपारीएवढ्या गाठी येतात आणि जातात. पोरीची वेणी घालायला हात वर केले की अर्ध्या वेणीत ते आपोआप खाली येतात. एक दिवस बरं वाटलं म्हणून सगळ्या चादरी धुतल्या, तर पुढचे चार दिवस मोरीपर्यंत भिंत धरून गेले. दहा तास झोपून उठते तेव्हा झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेली असते. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. सगळं चांगलं. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं, मनाचं आहे.

कंपनीत मी गोळ्या भरायच्या लाइनवर होते. माझी जागा मार्चअखेरपर्यंत ठेवली आहे. हे सुरुवातीला खरंच चहा करून द्यायचे. आता म्हणतात, "रिपोर्टात काय निघालं तर मानीन. न्हाय तर पिशोरला आईपाशी राहा अन् आक्कावानी काम कर." घर सोडायचं, पोरीची शाळा सोडायची. तुमच्या कपाशीत मी दोन दिवससुद्धा टिकणार नाही, आक्का. सासूबाई मला उभं करतील आणि मी पडेन, आणि लोक म्हणतील की सोंग आहे.

म्हणून या सुयांवर माझं सगळं अडलं आहे. डॉ. नसरीन मोठ्या पदवीचा अभ्यास करतात. त्यांनी बाहेरच्या देशातल्या मासिकात वाचलं आहे की असा थकवा असलेल्या काहींच्या अंगातली राखणदारीच बिघडलेली असते. हाताला चार सुया टोचायच्या, कातडीच्या आतल्या आत, आणि दोन दिवसांनी काय उठतं ते मोजायचं. काय उठलं म्हणजे काय समजायचं, ते त्या सांगत नाहीत. म्हणाल्या, "बता दिया तो तुम लोग वही देखोगे जो देखना है."

पण मला ठाऊक आहे. आमच्या लाइनवरच्या आशाबाईला अशीच एक सुई टोचली होती. टम्म गाठ आली, आणि टीबी निघाला. गाठ आली की रोग. आक्का, मी रोज देवापुढं उभी राहून गाठ मागते आहे.

तुझे हात मला डोळ्यांपुढं दिसतात, विहिरीचा दोर ओढणारे. मला त्यांचा हेवा वाटतो. हेवा तुलाच करता येतो असं समजू नकोस.

तुझी,
कस्तुरा

*

पिशोर
२३ जानेवारी १९९४

चि. कस्तुरा हिस आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस ना? इथं आता सगळं शांत आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं म्हणून खालच्या आळीत पेढे वाटले, वरच्या आळीतल्या काहींनी दारं लावून घेतली. चार दिवस माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसत नव्हती. आता जो तो आपल्या कामाला लागला.

माझं मात्र कामात लक्ष नाही. मी सारखी माझा दंड पाहते.

बारा तारखेला बाईंनी आपल्या दोघींना सुया टोचल्या तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या चार सुया फुकट जाणार. बाई किती हुशार. म्हणाल्या, नामांतराचं काहीतरी ठरतंय, तुम्ही सणाला गावी जाणार, गाड्या चालतील न चालतील. म्हणून त्यांनी बटर पेपरचे दोन तुकडे आणि तिकीट लावलेलं पाकीट दिलं. पेन बाहेरून सुईच्या खुणेकडं ढकलत न्यायचं, अडलं की थांबायचं, चारी बाजूंनी तसंच, आणि शाईच्या रेघा उमटतील असा त्यावर कागद दाबायचा. आणि झालंही तसंच. संक्रांतीला एसटी निघालीच नाही.

मी तुझ्या हातावर पेन ढकललं. ते गेलं ते सरळ खुणेपर्यंत. कुठं अडलंच नाही, चारही ठिकाणी. मग तू माझ्या हातावर ढकललंस. मी पाहत होते, कस्तुरा. चारही ठिकाणी अडलं. लाल, कडक, चार गाठी, एक तर रुपयाएवढी. तुझं तोंड पांढरं पडलं. खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

म्हणजे आजारी मी होते. इतकी वर्षं मीच होते. तुझ्या कागदावर नुसत्या रेघांच्या फुल्या, माझ्या कागदावर चार चांद. तू म्हणालीस, "आक्का, नावं मी लिहिते, माझं अक्षर बरं हाय." कागद घेऊन माजघरात गेलीस, पाकीट चिकटवून आणलंस आणि दाजींनी ते पेटीत टाकलं. तू पदर ओढून हात झाकून घेतलास. मला दया आली, पण थोडीच आली.

आता बाईंचं पत्र कधी येतं त्याची वाट पाहते. तिळगुळाची पुडी पाठवते. तू इथं असताना पोरांनी सगळा संपवला होता.

तुझी,
आक्का

*

मुकुंदवाडी
८ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. आक्कास नमस्कार.

सोबत डॉ. नसरीन यांनी तुझ्यासाठी दिलेलं पत्र आहे. तुझ्या अंगाची राखणदारी ढिली दिसते असं त्यांनी लिहिलं आहे. सवडीनं पुन्हा तपासायला ये, तोवर अंगाला विश्रांती दे, जड काम करू नकोस.

माझं सगळं चांगलं आलं. मी कालपासून कंपनीत जाते. यांनी आनंदानं सायकल पुसून ठेवली.

शेजारच्या भागूबाई मला धरून बसपर्यंत नेतात. त्या माझ्याच लाइनवर आहेत. त्यांच्या वस्तीत अजून निळ्या पताका आहेत. त्या म्हणतात, "सोळा वर्सं लागली यक नाव लावाया. किती डोकी फुटली, किती घरं जळली. तुज्या दुखन्याला बी लागंल नाव, दम धर."

जास्त लिहवत नाही. तिळगूळ मिळाला.

कस्तुरा

*

पिशोर
१ मार्च १९९४

चि. कस्तुरा हिस अनेक आशीर्वाद.

तू ठणठणीत निघालीस, छान झालं. मनापासून लिहिते आहे असं समज.

बाईंचं पत्र मी शाळेतल्या गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मला वाचता येतं, पण सासूबाईंना परक्या माणसाच्या तोंडून ऐकू द्यायचं होतं. "जड काम करू नये" इथं मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. सासूबाई म्हणाल्या, "हिला काय धाड भरली? बैलावानी तर हाय." तुझे दाजी त्यांच्यावर पहिल्यांदा चिडले. म्हणाले, "डाक्टरनं लिवलंय न्हवं? म्हंजी हाय."

मग ऐक काय झालं. मी झोपले. दिवसाउजेडी, ओसरीवर, सगळ्या आळीनं पाहावं अशी. सासूबाईंनी भाकरी थापल्या, वाकड्या आल्या, सगळ्यांनी मुकाट खाल्ल्या. दाजींनी शेळीचं दूध तापवून आणलं आणि वाटी माझ्या हातात देऊन तिथंच उभे राहिले, पुढं काय करायचं ते त्यांना कळेना. मला रडू आलं. त्यांना वाटलं दुखतंय.

आठ दिवस मी अशी होते. नवव्या दिवशी उठले तर अंग कसं हलकं, पिसासारखं. पाय दुखेनात. घरात कुणी नाही असं पाहून मी दोन हंडे पाणी भरून टाकलं आणि पुन्हा येऊन झोपले. हे तुला सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

बाईंनी पुन्हा तपासायला बोलावलं आहे, पण मी जात नाही. तपासलं आणि काही नाही निघालं तर? असू दे. माझी साय आता माझ्या वाटीत आली आहे.

तू पत्र इतकं लहान का लिहितेस? अक्षरही बिघडलं आहे. कामाची घाई असेल.

तुझी,
मालन आक्का

*

मुकुंदवाडी
सोमवार, २१ मार्च १९९४

आक्का,

पेन्सिलीनं लिहिते आहे, पडून लिहिताना पेन चालत नाही. एका दिवसात होणार नाही, जसं जमेल तसं लिहीन.

मी कागदांवर नावं बदलली. माजघरात गेले तेव्हा तुझ्या चार गाठींच्या कागदावर माझं नाव घातलं आणि माझ्या फुल्यांच्या कागदावर तुझं.

मंगळवार

काल तेवढंच झालं. तू रागावशील म्हणून नाही, बोटं वळेनात म्हणून थांबले.

तुझ्या गाठी पाहिल्या तेव्हा मला वाटलं, देवानं हेसुद्धा हिलाच दिलं. हात हिचे, पाय हिचे, आता रोगही हिचाच. माझ्याकडं दाखवायला काहीच नाही. तुला त्या गाठींची काय गरज होती? तुला कुणी सोंगाडी म्हणत नव्हतं. म्हणून मी घेतल्या. तुझ्याकडून चोरल्या.

फेब्रुवारीत बाईंनी समोर बसवून सांगितलं. आक्का, सगळं उलटं आहे. टीबीचं वेगळं, हे वेगळं. या चार सुयांत त्या रोगांचा अंश असतो जे लहानपणी सगळ्यांच्या अंगावरून गेलेले असतात. निरोगी अंग त्यांना ओळखतं आणि धावून येतं, म्हणून गाठ उठते. ज्याचं अंग ओळखत नाही, किंवा ओळखूनही उठू शकत नाही, त्याचा हात सपाट राहतो. बाई हसून म्हणाल्या, "तुम्हारे चौकीदार तो बढिया हैं, कस्तुराबाई. बहन का सोच रही हूँ मैं." माझा सपाट हात पदराखाली होता. मी तो बाहेर काढला नाही. काय सांगणार होते, मी फसवलं म्हणून?

गुरुवार

कंपनीत सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी लाइनवर पडले. भागूबाईंनी रिक्षात घालून घरी आणलं. तेव्हापासून पडून आहे. हे म्हणतात, "रिपोर्ट चांगला हाय, डाक्टरीण चांगला म्हनती, मंग तुला व्हतंय काय?" माझ्याशी बोलणं सोडलं आहे. कंपनीची जागा या महिन्यात जाईल. मे महिन्यात खोल्या सोडून मला तुमच्याकडं आणून घालणार.

मी बाईंना खरं सांगितलं तर त्या माझं ऐकणार नाहीत. जिनं एकदा फसवलं ती पुन्हा फसवणार. माझ्या हातावरच्या खुणा गेल्या. तुझ्या डागांपैकी एखादा राहिला असेल. तू येऊन सांगितलंस तरच.

तुझी विश्रांती जाईल. मला माहीत आहे मी काय मागते आहे.

कस्तुरा

*

पिशोर
२ एप्रिल १९९४

कस्तुरा,

तुझं पत्र चुलीत घालणार होते, घातलं नाही.

मला दीड महिना मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, आणि तो तुझा उष्टा निघाला. लहानपणी तुझ्या वाटीतली उरलेली साय मी बोटानं पुसून खायची, तेच पुन्हा झालं.

तू चोरलीस ती माझी तब्येत. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडं तुझ्यापेक्षा जास्त होती, आणि ती आहे हेसुद्धा मला कधी कळलं नव्हतं. मी तिलाच रोग समजून मिरवत बसले.

मी कुठंही येणार नाही. पुन्हा लिहू नकोस.

मालन

*

पिशोर
२७ एप्रिल १९९४

चि. कस्तुरा हिस आशीर्वाद.

मी सोमवारी औरंगाबादला येऊन गेले. तुझ्याकडं आले नाही. तुझं तोंड पाहिलं असतं तर भांडले असते, किंवा रडले असते, आणि मला साडेचारची गाडी धरायची होती.

यायचं कारण दाजी. मी तुला ते रागाचं पत्र टाकलं तरी जेवण जाईना, म्हणून एक दिवस यांना सगळं सांगितलं. वाटलं, हे ओरडतील. हे मेंढराच्या पायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मेंढीला डाक्टर टोचतो तवा जिला गाठ येती ती तगती. जिला येत न्हाय तिच्यावर ध्यान ठेवाया लागतं. हे तर शेंबड्या पोराला ठाव हाय." मी म्हटलं, मग संक्रांतीला बोलला का नाहीत? म्हणाले, "मला कुनी इच्यारलं?"

खरंच कुणी विचारलं नाही. तू दहावी झालेली, मी सातवी, आणि आपल्याला आशाबाईचा टीबी ठाऊक.

दवाखान्यात बाईंना दंड दाखवला. एक डाग अजून आहे, जांभळट. त्या आधी चिडल्या, मग भिंगातून पाहत बसल्या. नावांची अदलाबदल सांगितली तेव्हा डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "बाई, तिला रागावू नका. तिनं खोटं केलं ते खरं दुखणं दाखवायला केलं." हे वाक्य मी गाडीत घोकत आले होते. परवा शुक्रवारी त्या स्वतः तुझ्या घरी येणार आहेत, सुया घेऊन. दोन दिवसांनी मोजायलाही त्याच येतील आणि नावही त्याच लिहितील. भाऊजींना घरी थांबायला सांग.

निघताना मी विचारलं, बाई, कस्तुराचं कळलं, मग मी दमते ते काय? त्या म्हणाल्या, किती झोपता, किती खाता, काम काय करता. मी सगळं सांगितलं. आठ दिवस झोपल्यावर अंग हलकं झालं तेही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "तुम्हारा बदन अच्छा है. उसको आराम नहीं मिला, बस. इसकी सुई नहीं है मेरे पास."

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या अंगात काही नाही. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी परात माझ्याकडं सरकवली. दाजी खाली बघत जेवले. दुधाची वाटी बंद झाली.

मला तुझा हेवा अजून वाटतो. तुला आता कागद मिळेल. बरी हो असं म्हणायचं होतं, पण बाई म्हणाल्या की औषध अजून कुणाकडंच नाही. तेव्हा नुसता आशीर्वाद.

आक्का

*

मुकुंदवाडी
९ मे १९९४

ती. सौ. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

हात सपाट निघाला. चारही ठिकाणी.

बाईंनी पेन ढकललं ते सरळ खुणेपर्यंत गेलं, तू ढकललेलं गेलं होतं तसंच. हे स्टुलावर बसून पाहत होते. बाईंनी पेन यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आप देखिए. यांनी पुन्हा ढकललं, मग स्वतःच्या हातावर ढकलून पाहिलं, बीसीजी लसीच्या वणापाशी, तिथं ते अडलं. बाई म्हणाल्या, यावरून सगळं सिद्ध होत नाही, असे आणखी रोगी पाहावे लागतील, या दुखण्याचं नावही अजून धड ठरलेलं नाही. पण ही सोंग करत नाही, एवढं मी लिहून देते.

कंपनीची जागा गेली, ती काही परत येणार नाही. खोल्या मात्र सोडत नाही. यांनी काल पोरीची वेणी घातली. वाकडी आली, ती तशीच शाळेत गेली.

आता तुझं. मी खूप विचार केला की तुझ्याकडून जे घेतलं ते कसं परत करू. माझ्याकडं दुसरं काही नाही, पण आजार आहे, आणि तो आता सगळ्यांना मान्य आहे. त्याचा उपयोग करू. मी सासूबाईंना वेगळं कार्ड टाकलं आहे: कस्तुराची तब्येत फार बिघडली आहे, करायला कुणी नाही, थोरल्या बहिणीला महिनाभर पाठवा. वरून यांची सही घेतली. यांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. दाजी तुला गाडीत बसवून देतील, त्यांना मी वेगळं काही लिहिलेलं नाही, पण ते समजतील.

इथं तुला काही करायचं नाही. स्वयंपाक हे आणि भागूबाई मिळून करतात, बरा होतो. गोवराच्या वेळी तू माझ्या अंथरुणात शिरली होतीस. या खेपेला मी खिडकीखाली तुझं वेगळं अंथरूण घातलं आहे, माझ्या शेजारी. कुणी विचारलं तर सांगू की तू माझी काळजी घ्यायला आली आहेस. मग दार लोटून तू झोप. मी जागी राहून राखण करीन, तेवढं मला पडल्या पडल्या जमतं.

वाट पाहते.

तुझी,
कस्तुरा